पाचोऱ्याची रुई, मालवणची होडी

मैत्रिणींनो, तुमच्या माहेरी एखादी जुनी वस्तू अशी असेलच, की जिच्याकडे पाहून भाऊ म्हणतो "टाकून देऊ" आणि आई गप्प बसते. कुणाकडे जातं असेल, कुणाकडे पाळणा. माझ्या माहेरी ती वस्तू म्हणजे 14 फुटांची शिडाची होडी!

माझं सासर पाचोऱ्याचं. इथे हिवरा नदी, जवळच गिरणा. पण शीड कुणी पाहिलेलं नाही. माहेर मात्र मालवणजवळच्या खाडीकाठचं. बाबांनी त्या होडीवर आम्हा भावंडांना वाढवलं. ते गेले, फायबरच्या आणि इंजिनाच्या होड्या आल्या आणि बाबांची होडी मांगराच्या आडोशाला आठ वर्षं पालथी पडून राहिली.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या मार्चमध्ये भावाचा फोन आला. "ताय, एक हॉटेलवाला पाच हजार देतो म्हणता. दारात ठेवून तिच्यात फुलझाडं लावणार." त्याचीही चूक नव्हती. इंजिनाच्या कर्जाचे हप्ते त्याच्या मानेवर होते. मी विचारलं, "आई काय म्हणते?" तो म्हणाला, "काय नाय. रोज संध्याकाळी जाऊन तिच्यावर हात फिरवून येता."

बस्स, एवढं ऐकलं आणि मी ठरवलं. भिशीचे अठरा हजार नुकतेच लागले होते. त्यातले पाच हजार भावाला पाठवले आणि सांगितलं, "होडी मी घेतली." आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा यजमानांनी पेपर खाली ठेवला. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "माय, काय करशी तू ती होडी लीसन? हिवरामां चालाडशी का?" खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी गेले. गावातले एक म्हातारे मेस्त्री यायला तयार झाले. त्यांनी आधी रंगाचा डबा मागितला नाही, मागितला एक टोच्या! होडीभर ते टोचत फिरले. जिथे टोक अडलं तिथे लाकूड शाबूत, जिथे लोण्यात रुतावं तसं रुतलं तिथे कुजलेलं. वरून रंग छान दिसत होता तिथेच आत सगळ्यात जास्त भुसा निघाला. "बाय, रंग खोटं बोलता, टोच्या नाय," मेस्त्री म्हणाले. तळाच्या दोन फळ्या आणि आतला एक वाक बदलावा लागला. गंजलेले लोखंडी खिळे उपटून तांब्याचे मारले. लोखंड गंजलं की फुगतं आणि भोवतीचं लाकूडही खातं.

मग आली खरी कामगिरी. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमध्ये फट असतेच. ती नुसत्या लांबीने बुजत नाही. तिच्यात कापसाची वात बोथट छिन्नीने ठोकून बसवतात आणि वरून तेलात कढवलेल्या राळेचा लेप देतात. मेस्त्री कापूस आणायला सांगू लागले, तेव्हा मी हसून पिशवी पुढे केली. जिनिंगमधली स्वच्छ, सरकी काढलेली रुई मी पाचोऱ्याहूनच नेली होती! आपल्या काळ्या मातीतला कापूस अरबी समुद्राचं पाणी अडवणार, या कल्पनेनेच मला गंमत वाटली.

वाती वळायच्या कुणी? आई पुढे सरसावली. देवाच्या वाती वळण्यात तिची हयात गेली. आम्ही दोघी ओटीवर पाय पसरून बसलो आणि हात हात लांबीच्या वाती वळू लागलो. मेस्त्रींनी एकच सूचना केली, "जरा सैल वळा. घट्ट वळल्यात तर वात फुगणार कशी?" त्या तीन दुपारी आई बाबांबद्दल जेवढं बोलली, तेवढं आठ वर्षांत बोलली नव्हती.

आम्ही असे सांधे भरत होतो, त्याच महिन्यात बातमी आली. 21 मे 2025 रोजी कारवारला भारतीय नौदलात 'कौंडिण्य' नावाचं शिडाचं लाकडी जहाज दाखल झालं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, तर काथ्याच्या दोरीने चक्क शिवलेल्या आहेत! केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली ते गोव्यात बांधलं गेलं. जुन्या जहाजाचा आराखडा कुठेच शिल्लक नव्हता. मग नमुना कुठून घेतला? आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतल्या, पाचव्या शतकातल्या चित्रावरून. पाचोऱ्याहून तासा-दीड तासाच्या वाटेवर ते चित्र आहे आणि आपण पाहुण्यांना लेणी दाखवताना त्याच्यासमोरून किती वेळा गेलो असू! हेच जहाज 29 डिसेंबर 2025 ला पोरबंदरहून निघालं आणि जानेवारीत ओमानमधल्या मस्कतला पोचलं, तेही इंजिनाशिवाय.

आमच्या होडीचा प्रवास मात्र पहिल्याच दिवशी अडला. रंगरंगोटी झाली, नारळ फोडला, होडी खाडीत ढकलली आणि तासाभरात ती निम्मी पाण्याने भरली. काठावरचे लोक हसले. भाऊ काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा बोलत होता. अठरा हजार बुडाले, असं वाटून मला रडूच कोसळलं. मेस्त्री शांतपणे विडी पेटवत म्हणाले, "बांधून ठेवा. आठ वर्षं तहानलेली आसा. पिवू दे तिका."

दोन दिवस ती तशीच खांबाला बांधून उथळ पाण्यात बुडवून ठेवली. तिसऱ्या दिवशी पाणी उपसलं आणि काय सांगू, पुन्हा भरलंच नाही! फळ्या फुगल्या होत्या, वाती फुगल्या होत्या, सांधे मिटले होते. आईला पुढे बसवून भावाने शीड वर केलं. ती एक अक्षर बोलली नाही. फक्त पदर डोक्यावरून घेऊन तिने दोन्ही हातांनी काठ धरला होता.

या खटाटोपात घरातल्या लाकडाबद्दल चार गोष्टी शिकले, त्या तुम्हांला सांगते.

जुना पाट, देव्हारा किंवा झोपाळा रंगवण्याआधी टोच्याने तपासा. कुजलेल्या भागावर रंग म्हणजे जखमेवर पावडर. भिजलेलं लाकूड उन्हात टाकू नका, तडकतं; सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. पावसाळ्यात कपाटाचा खण अडकला तर लगेच रंधा मारून घेऊ नका. लाकूड फुगलेलं असतं. उन्हाळ्यात तिथेच फट पडेल. आणि मोरीजवळच्या लाकडी वस्तूंना लोखंडी नव्हे, पितळी स्क्रू लावा.

दिवाळीत आई पाचोऱ्याला आली, तेव्हा तिला अजिंठ्याला नेलं. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात ते जहाज आहे, तीन डोलकाठ्यांचं, आणि त्यावर रांजण मांडून ठेवलेले. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बघ, पाण्याची तयारी पयली केल्यानी. कोण तरी शाणी बाई असतली घरात."

होडीचं पुढे काय, असं विचाराल. ती पैसा मिळवत नाही, हे खरंच. भाऊ सवड मिळेल तेव्हा खाडीत गळ टाकायला तिला नेतो. पण लाकडी होडीला दर वर्षी तेल पाजावं लागतं, सांधे तपासावे लागतात. मेस्त्री आता थकले आहेत. म्हणून यंदाच्या मेमध्ये भावाच्या मुलीला छिन्नी धरायला बसवणार आहे. रुईची पिशवी मी आत्ताच भरून ठेवली आहे.