वाफेवर गेलेली टाकी

आज वही-पेन्सिल घेऊन बसा. एक गणित सोडवायचं आहे, आणि ते आपल्या चुलीजवळचंच आहे.

आमच्या एका गटाकडे शाळेच्या पोषण आहाराचं काम आहे. मागच्या वर्षी बैठकीत हिशोब बसेना. महिन्याला गॅसची एक टाकी जास्त लागत होती. आमटी शिजवणाऱ्या मावशींचं घर शाळेला लागूनच. मग काय, कुजबुज सुरू झाली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण मावशी दोन दिवस कामावर आल्या नाहीत.

मी म्हटलं, आधी मोजू तरी. मी बीए झालेली, विज्ञान दहावीलाच सुटलं. पुतणीचं पुस्तक घेऊन उष्णतेचा धडा पुन्हा वाचला. असं उदाहरण सोडवताना पहिल्यांदा लिहायचं: काय दिलंय, काय काढायचंय आणि कशात मोजायचं. उष्णता आपण किलोकॅलरीत मोजू. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते. एवढं लक्षात ठेवलं की पुढे नुसता गुणाकार.

दुसऱ्या दिवशी मी मापाचं भांडं घेऊन शेगडीजवळ बसले. पातेल्यात आधी १४ लिटर पाणी. पातेलं उघडं, जाळ मोठा, खळखळ उकळी. पाणी आटेल तसं वरून टाकत राहायचं, म्हणजे पातळी तेवढीच राहील. आमटी होईपर्यंत ६ लिटर वरून गेलं. म्हणजे तेवढंच वाफ होऊन उडालं.

आता लिहा. एकूण पाणी २० लिटर, २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायचं, म्हणजे ७५ अंश. २० गुणिले ७५, १५०० किलोकॅलरी. डाळीलाही थोडी उष्णता लागते, ती सोडून देऊ.

पण १०० अंशांवरच्या १ लिटर पाण्याची वाफ करायला आणखी ५४० किलोकॅलरी लागतात. पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात. उष्णता जाते, पण तापमान वाढलेलं दिसत नाही, म्हणून अप्रकट. ६ गुणिले ५४०, ३२४०. पाणी तापवायला लागली त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता नुसत्या वाफेत गेली!

१ किलो गॅस जळला की सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात. सगळ्या पातेल्यात जात नाहीत, काही बाजूने निघून जातात. आपण निम्म्या धरू, ५५००. ३२४० भागिले ५५००, साधारण ५९० ग्रॅम गॅस. महिन्यात शाळेचे २४ दिवस धरले तर १४ किलो १६० ग्रॅम. टाकीत गॅस असतो १४.२ किलो.

इतकं काट्यावर जुळलं हा योगायोग, कारण निम्मं हा आपला अंदाज. पण टाकी कुठे जात होती ते कळलं.

उकळी फुटल्यावर जाळ कितीही वाढवा, उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. खळखळ वाढते, वाफ वाढते, डाळ मात्र तेवढ्याच वेळात शिजते. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून तिथे लवकर होतं. (हे ऐकून पातेल्याच्या झाकणावर दगड ठेवून घरचा कुकर करू नका हं. भाजायचं निमित्त ते.)

आम्ही डाळ आधी भिजवायला लागलो. उकळी आली की जाळ बारीक आणि वर झाकण, फेस उतू जाऊ नये म्हणून बोटभर फट ठेवून. वरून टाकायचं पाणी दीड लिटरवर आलं.

मी मावशींच्या घरी वही घेऊन गेले. त्यांनी आकडे नीट ऐकले आणि म्हणाल्या, "ताई, पाणी वरून टाकावं लागतं हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही." बैठकीत त्यांची माफी मागितली गेली. दोघी मात्र गप्पच बसल्या.

तुमच्या गटात मोजायचं असेल तर टाकीच्या वरच्या कड्याजवळ रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. टाकी काट्यावर ठेवा, त्यातून ते वजा करा, उरला तो गॅस. आणि एक उदाहरण घरी सोडवा: आंघोळीचं २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला किती किलोकॅलरी? उत्तर ४०० यायला हवं. नाही आलं तर किती अंश वाढवायचेत, ते आधी वजाबाकी करून बघा.