गिनीपिग : बारा महिन्यांच्या गवताची सोय
पाळीव प्राण्यांची निगा – लेखांक ७

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला प्राणी. पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच, थंड, कोरड्या पठारांवर काही हजार वर्षांपूर्वी तो माणसाळवला गेला. तिकडे आजही तो मुख्यतः खाण्यासाठी पाळतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात पोहोचला आणि तिथे घरातला लाडका प्राणी झाला. पूर्ण वाढ झालेल्या गिनीपिगचे वजन ७०० ते १,२०० ग्रॅम भरते आणि नीट निगा राखल्यास तो पाच ते आठ वर्षे जगतो. त्याला शेपूट नसते, उडी फारशी मारता येत नाही, आणि धोका दिसला की पळून लपणे एवढाच त्याचा बचाव. रत्नागिरीसारख्या दमट, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावात हा डोंगरी प्राणी पाळायचा, तर सगळ्यात आधी त्याच्या गवताचा विचार करावा लागतो.

याचे कारण त्याच्या तोंडात आणि पोटात आहे. गिनीपिगला २० दात असतात आणि समोरचे पटाशीचे दातच नव्हे, तर मागच्या दाढाही आयुष्यभर वाढत राहतात. गवताचे चरबरीत धागे तासन्‌तास चघळले तरच त्या झिजतात. मऊ खाणे मिळाले की खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढून जिभेवर कमान धरतात, आणि समोर खाणे असूनही प्राण्याला गिळता येत नाही. पोटाचेही तसेच. त्याच्या मोठ्या आंधळ्या आतड्यात असंख्य जिवाणू गवताचे तंतू आंबवत असतात. आत सतत काही येत राहिले तरच हे काम चालू राहते. म्हणून त्याच्या आहाराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग सुक्या गवताचा असावा आणि ते दिवसरात्र त्याच्यापुढे असावे. आंबवलेल्या अन्नाच्या मऊ गोळ्या तो गुदद्वाराशी तोंड नेऊन पुन्हा खातो. हे पाहून घरातली माणसे घाबरतात, पण तो आजार नव्हे. ब गटातली जीवनसत्त्वे आणि प्रथिने त्याला अशीच मिळतात, तेव्हा त्याला त्यापासून अडवू नये.

शहरांतून टिमोथी नावाचे परदेशी सुके गवत पाकिटात विकत मिळते. चांगले असते, पण महाग. रत्नागिरीच्या आसपास तशा गवताला पर्याय आहे. सड्यांवरचे आणि बांधांवरचे गवत पाऊस ओसरला की दसऱ्याच्या सुमारास कापायला येते. ते फुलोऱ्यावर येत असतानाच कापून दोन-तीन दिवस उन्हात परतून वाळवले, तर त्याचा हिरवेपणा आणि वास टिकतो. उशिरा कापलेले गवत पिवळे, काडीसारखे होते आणि त्यात कुसळे धरतात. सड्यावरच्या कुसळी गवताचे कुसळ टोकाला टोचरे आणि पीळदार असते. गुराच्या जाड जिभेला ते चालून जाते, पण गिनीपिगच्या हिरडीत, गालात किंवा डोळ्यात घुसले की गळू होते. म्हणून आणलेला भारा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मुठीमुठीने झाडावा. कुसळे, काटे, वेलींचे तुकडे, किड्यांची घरटी बाजूला काढावीत, आणि मगच गवत साठवणीला टाकावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळता येण्यासारखे नाही. हरळी, म्हणजे दूर्वा, हा प्राणी आवडीने खातो, आणि ती ओली व सुकी दोन्ही चालते. भाताचा पेंढा मात्र गवताची जागा घेऊ शकत नाही. त्यात पोषण थोडे आणि सिलिका जास्त. तो खाली अंथरायला वापरावा.

गवत कुठून कापले हे ते कोणते आहे याइतकेच महत्त्वाचे. हापूसच्या बागांत मोहोर आल्यापासून फळ धरेपर्यंत कीटकनाशकांच्या अनेक फवारण्या होतात, आणि पावसाळ्यात कलमांच्या बुंध्याशी कल्टार हे वाढरोधक रसायन घातले जाते. अशा बागेतले गवत कितीही लुसलुशीत दिसले तरी गिनीपिगला घालू नये. आंब्याच्या आढीतून किंवा पेटीतून निघालेला पेंढाही नको. हमरस्त्याच्या कडेचे, धुरळा आणि धूर बसलेले गवतही टाळावे.

दसऱ्यानंतरचे गवत पुढच्या दसऱ्यापर्यंत पुरवायचे, म्हणजे मध्ये पूर्ण पावसाळा निभवायचा. एका गिनीपिगला दिवसाला मोठी ओंजळभर, म्हणजे त्याच्या अंगाइतक्या आकाराचे गवत पुढ्यात टाकावे लागते. त्यातले बरेचसे तो तुडवतो, हे धरूनच साठा करावा. मे महिन्यात, पावसाळ्याची बेगमी करताना, गवत पुन्हा एकदा कडक ऊन दाखवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत किंवा पिंपांत भरावे. उघड्या माळ्यावर ठेवलेले गवत जुलैत हातात घेतले तर थंड लागते आणि कुबट वास येतो. पांढरट-हिरवी बुरशी नंतर दिसते, वास आधी येतो. असे गवत फेकून द्यावे. वाळवून ते पुन्हा खाण्यालायक होत नाही.

डबा हवा तो उंदरांसाठीही. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणाला पावसाळ्यात नेहमीच धास्ती घालतो, आणि गिनीपिग या रोगाला फार लवकर बळी पडतो. जपानमध्ये १९१५ साली र्‍योकिची इनाडा आणि युताका इडो यांनी या रोगाचा जंतू शोधला, तो रुग्णाचे रक्त गिनीपिगला टोचूनच. उंदरांपासून गिनीपिगला किती धोका असतो, हे मुंबईचा इतिहासही सांगतो. १८९६ मध्ये शहरात प्लेग आल्यानंतर, १९०५ पासून काम करणाऱ्या संशोधन आयोगाने प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून पाहिले. उंदरांवरच्या पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या आणि कित्येक प्राणी प्लेगने मेले. जमिनीपासून दोनेक फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतले वाचले, कारण पिसवांची उडी तिथवर पोहोचत नव्हती. प्लेग रोगवाहक पिसवांमुळे फैलावतो, हे सिद्ध होण्यात या मुक्या प्राण्यांचा मोठा वाटा आहे. आज घरात पिंजरा ठेवताना तो मेजावर किंवा उंच चौरंगावर ठेवावा आणि त्याखाली सांडलेले दाणे, गवत रोज झाडून काढावे.

ओले गवत वर्षातले चारपाच महिने फुकट आणि मुबलक असते, म्हणून मोह होतो. पावसात भिजलेले गवत तसेच घालू नये. ते पंख्याखाली पसरून पाणी निथळू द्यावे. जूनमध्ये पहिल्यांदा ओले गवत सुरू करताना रोज मूठमूठ वाढवत आठदहा दिवस लावावेत. एकदम पोटभर दिल्यास जिवाणूंचा समतोल बिघडून पोट फुगते, आणि फुगलेले पोट या प्राण्याचा काही तासांत जीव घेऊ शकते.

गवतानंतरची दुसरी गरज क जीवनसत्त्वाची. माणसाप्रमाणेच गिनीपिगलाही ते शरीरात तयार करता येत नाही, कारण त्यासाठी लागणारे एक विकर त्याच्याकडे नसते. नॉर्वेत अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे दोघे जहाजांवरच्या खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवले, तर प्राण्यांना बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाला. १९०७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि स्कर्व्हीचा अभ्यास प्रयोगशाळेत करता येऊ लागला. भात, पोळीचे तुकडे, तांदळाची कणी यांवर वाढवलेल्या गिनीपिगची आजही तीच गत होते. दोन-तीन आठवड्यांत केस राठ होतात, सांधे सुजतात, उचलले की तो कण्हतो आणि मागचे पाय ओढत चालतो. कित्येकदा याला लकवा समजून उपचार होतात.

एक किलो वजनाच्या निरोगी गिनीपिगला दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. गाभण मादीला त्याहून जास्त लागते. ढोबळी मिरचीत दर १०० ग्रॅममागे शंभर मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते, म्हणजे दोन-तीन चकत्यांत दिवसाची गरज भागते. साखर कमी असल्याने ती रोज देता येते. पेरूत त्याहून जास्त, पण पेरू गोड, म्हणून आठवड्यातून एकदोनदा लहान फोड द्यावी. आवळ्यात ते भरपूर असले तरी आंबटपणामुळे फार थोडे गिनीपिग तो खातात. कोथिंबीर बहुतेकांना आवडते. पाण्यात थेंब घालण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. पाण्यातले हे जीवनसत्त्व उजेडाने आणि हवेने एका दिवसात बरेच नष्ट होते, आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. विकतच्या गोळी-खाद्यातले क जीवनसत्त्वही तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत उतरते, आणि रत्नागिरीच्या दमट हवेत त्याहून लवकर. पिशवीवरची तारीख पाहूनच घ्यावे आणि दिवसाला एकदोन मोठे चमचे एवढेच द्यावे. सशांसाठीच्या खाद्यात क जीवनसत्त्व बहुधा घातलेले नसते.

पाल्यात निवड करावी लागते. पालक, माठ आणि शेवग्याचा पाला पौष्टिक असला, तरी ऑक्झलेट किंवा कॅल्शियम जास्त असल्याने रोज दिल्यास मूत्राशयात खडे होतात. घाटावरून येणारा लसूणघास याच कारणाने फक्त पिलांना आणि गाभण माद्यांना द्यावा. वाळल्यावर लघवीचा पांढरट डाग पडतो, तो नेहमीचाच. लाल डाग किंवा लघवी करताना ओरडणे ही खड्याची खूण. अळू कच्चे कधीही देऊ नये, त्यातल्या सुईसारख्या कणांनी घसा सुजतो. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटोचा पाला, ओले-सुके खोबरे, दूध, ब्रेड हे सगळे वर्ज्य. आंब्याची सालीविना लहानशी फोड मोसमात कधीतरी चालेल. काजूचे बोंड बीसकट पिंजऱ्याजवळ ठेवू नये, बीच्या कवचातले तेल कातडी भाजून काढते.

गिनीपिग कळपात राहणारा प्राणी, एकटा ठेवल्यास तो मलूल होतो. दोन माद्या किंवा लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन नर, अशी जोडी ठेवावी. दोघांना मिळून किमान साडेसात चौरस फूट सपाट जागा हवी. मजल्यांचा उंच पिंजरा निरुपयोगी. तळ जाळीचा नसावा, त्याने तळपायांना जखमा होतात. नर-मादी एकत्र आल्यास ५९ ते ७२ दिवसांत पिले होतात, डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन. नर पिले तीन आठवड्यांची होताच वेगळी करावीत. सहा-सात महिन्यांनंतर पहिल्यांदा गाभण राहिलेल्या मादीची ओटीपोटाची हाडे जुळून गेल्याने बाळंतपणात तिचा जीव जातो. दुकानातून आणलेली ‘दोन माद्यांची’ जोडी म्हणून लगेच तपासून घ्यावी. सशाबरोबर ठेवू नये. सशाच्या श्वासमार्गातला एक जंतू गिनीपिगला न्यूमोनिया करतो.

१८ ते २४ अंश हे त्याच्या सोयीचे तापमान. रत्नागिरीत मार्च ते मे पारा बत्तीस-तेहतिसाच्या आसपास असतो आणि हवा ओलसर, म्हणून पत्र्याखालची खोली किंवा पश्चिमेची पडवी त्याच्यासाठी घातक ठरते. त्याला घाम येत नाही, त्यामुळे नुसत्या पंख्याचा उपयोग थोडा. गार लादी, ओले फडके टाकलेला पिंजऱ्याचा माथा, कापडात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली यांचा उपयोग होतो. तोंड उघडे ठेवून धापा टाकणारा गिनीपिग तातडीने गारव्यात न्यावा. पावसाळ्यात अडचण उलटी. अंथरलेले कापड वाळत नाही, ओलसर तळाने पाय सुजतात आणि केसांत गजकर्णाचे गोल चट्टे उठतात, जे हाताळणाऱ्या मुलांनाही होतात. या महिन्यांत कापड बाजूला ठेवून वर्तमानपत्रावर सुका पेंढा घालावा आणि तो रोज बदलावा. रात्री पिंजरा बंद खोलीत ठेवावा. मांजर, मुंगूस आणि धामण, तिघांनाही तो भक्ष्य वाटतो.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. भक्ष्य असलेला प्राणी आजार लपवतो, आणि वजन उतरणे हीच पहिली खूण. त्याच वेळी समोरचे दात, नखे, तळपाय आणि मागची बाजू पाहावी. बारा तास न खाणे ही या प्राण्याची तातडीची अवस्था समजावी. रत्नागिरीतल्या पशुवैद्यांकडे बहुतेक रुग्ण गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री असतात. त्यामुळे गिनीपिग कधी पाहिला आहे का, हे प्राणी आणतानाच, आजारी पडण्यापूर्वी, विचारून ठेवावे. गरज पडल्यास मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी संपर्क करता येतो. एक गोष्ट मालकानेही ध्यानात ठेवावी. पेनिसिलिन, अँपिसिलिन आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिल्यास गिनीपिगच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. घरातल्या मुलाच्या खोकल्याच्या औषधातले उरलेले दोन थेंबही म्हणून देऊ नयेत.