धामणीला दूध नको, बांध हवा

श्रावण लागला की गावोगावी सापाला दूध पाजण्याची गोष्ट निघते. एरवीही विहिरीत पडलेली किंवा जाळ्यात अडकलेली धामण पोरं डब्यात घालून घरी आणतात. तिला दूध-अंडं ठेवतात, जखमेवर हळद दाबतात. हेतू चांगला असतो, पण त्यापायी जनावर मरतं आणि माणूस कायद्यात अडकतो.

मुळात दूध हे सापाचं अन्न नाही. त्याला लागतं ते पाणी. खेळ दाखवणारे साप तहानेला ठेवत. असा व्याकूळ साप पुढं येईल ते पितो. ते दूध त्याला पचत नाही, फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. ‘धामण गाईच्या पायाला वेटोळं घालून दूध पिते’ हेही खोटं. तिला चोखायला ओठ नाहीत आणि दात सुईसारखे, आत वळलेले. सडाला तोंड लावलं तर गाय उभी राहील का?

धामणीचं खाणं म्हणजे उंदीर, बेडूक, पाखरं. ती भक्ष्य अख्खं गिळते. ते पचायला ऊब लागते आणि दिवसही लागतात. म्हणून तिला रोज खायला लागत नाही. पकडलेला, भ्यालेला साप बहुधा तोंड लावत नाही. खाल्लं आणि लगेच हाताळलं तर ओकून टाकतो. डब्यात जिवंत उंदीर सोडणं तर आणखी वाईट. पळायला जागा नसली की उंदीरच सापाला कुरतडतो. परदेशात साप पाळणारे जाणते लोक म्हणूनच मेलेला उंदीर देतात.

आपल्याकडं मात्र पाळायचा प्रश्नच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यानुसार आपल्या रानातला साप पकडून घरी ठेवणं हा गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची नागपंचमी सर्वांना ठाऊक आहे. तिथंही न्यायालयाच्या आदेशानंतर बंधनं आली.

जखमी साप दिसला तर काय करावं?

नांगराचा फाळ, गवत कापायचं यंत्र, पेटवलेला बांध, कुत्रं आणि शेततळ्याभोवतीची नायलॉनची जाळी, अशा कारणांनी साप जखमी होतात. अशा वेळी लांब उभं राहा. कुत्री आणि पोरं बाजूला करा. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा, नाहीतर जाणत्या सर्पमित्राला बोलवा. तोवर उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून लांबूनच सावली करता आली तर करा. जाळी ओढू नका. ओढली की ती कातडीत रुतते. ती जाणकारानं कात्रीनं कापायची असते. हळद, रॉकेल, फिनेल काही लावू नका. उंदराच्या चिकट पुठ्ठ्यावर साप चिकटला तर तसाच राहू द्या. जाणकार तेल लावून सोडवतो. जखम धुणं, टाके घालणं हे पशुवैद्यकाचं काम. खायला तर काहीच देऊ नका.

साप चावला तर?

धामण, पाणदिवड बिनविषारी. पण ओळखण्यात चूक होते, आणि मण्यारीच्या दंशाची खूण कधी दिसतही नाही. ‘बारीक ओरखडा आहे’ म्हणून घरी बसू नका. चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. हात-पाय हलू न देता 108 ची गाडी बोलवा, दवाखाना गाठा. साप बिनविषारी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तर जखम साबण-पाण्यानं स्वच्छ धुणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन एवढ्यावर बहुधा भागतं.

ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी 1926 आणि 108 हे दोन्ही क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवावेत. शेतकरी बंधूंनी विष घालून मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता पुरावेत, कारण ते खाणाऱ्या जनावरालाही विष बाधतं. बांध पेटवू नयेत.

नागपंचमीला नांगर धरायचा नाही, खणायचं नाही, चिरायचं नाही, ही रीत आपल्या वाडवडिलांनीच घालून दिली आहे. तिच्यात दुधाच्या वाटीपेक्षा जास्त शहाणपण आहे. जनावराला आपल्या हातून इजा होऊ द्यायची नाही, एवढंच ती सांगते. पोट भरायला धामणीला आपलं शेत पुरेसं आहे, आणि तिनं खाल्लेल्या उंदरांमागं आपलंच धान्य वाचतं.