काळजी की ताबा? दिव्यांगांच्या मानसिक छळाबद्दलचे गैरसमज

मारहाणीचे वळ दिसतात, म्हणून तिला छळ म्हणायला कुणी कचरत नाही. ‘तुला काय कळतंय, गप्प बस’ हे मात्र वर्षानुवर्षं खपवून घेतलं जातं. त्यातून जेवू घालणारी आणि छळणारी व्यक्ती एकच असेल, तर तोंड उघडणं फारच अवघड होतं. म्हणून घरोघरी घट्ट बसलेल्या या काही समजुती तपासायला हव्यात.

गैरसमज : एवढं करणारं माणूस कधी वैतागून बोलणारच.
वस्तुस्थिती : सेवा करणाऱ्याचा थकवा खरा असतो आणि त्यालाही विश्रांती मिळायला हवी. पण एखाद्या दिवशी आवाज चढणं वेगळं आणि ‘तुझ्यामुळे घराचं वाटोळं झालं’, ‘आश्रमात टाकून येईन’ हे रोज ऐकवणं वेगळं. पाहुण्यांसमोर नक्कल करणं, दिवसेंदिवस अबोला धरणं, मित्रमैत्रिणींना तोडणं हाही छळच. पाणी मागायचीही भीती वाटू लागली, तर ही धोक्याची खूण समजा.

गैरसमज : अंगाला हात लावला नाही, मग हिंसा कसली?
वस्तुस्थिती : व्हीलचेअर हाताला लागणार नाही अशी ठेवणं, पांढरी काठी लपवणं, श्रवणयंत्राची बॅटरी काढून घेणं, शौचाला न्यायला मुद्दाम ताटकळत ठेवणं, यातून माणसाला हतबल केलं जातं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016च्या कलम 92नुसार साहाय्यक साधनाच्या वापरात जाणूनबुजून अडथळा आणणं, आपल्या ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला अन्नपाणी नाकारणं आणि चारचौघांत तिला हिणवण्यासाठी अपमान करणं किंवा धमकावणं हे गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिने ते 5 वर्षे कैद आणि दंड.

गैरसमज : पैशांचा व्यवहार घरच्यांकडेच बरा.
वस्तुस्थिती : हिशेबात मदत घ्यायला हरकत नाही. मात्र न विचारता अनुदान काढून घेणं, एटीएम कार्ड किंवा दिव्यांग प्रमाणपत्र अडवून ठेवणं हे शोषण आहे. आपले आर्थिक व्यवहार आपण सांभाळण्याचा हक्क याच कायद्याचं कलम 13 देतं.

गैरसमज : बौद्धिक दिव्यांगांना अपमान कळत नाही.
वस्तुस्थिती : कळतो. सांगायला शब्द नसले, तरी झोप उडते, जेवण सुटतं, ठरावीक माणूस आला की अंग आक्रसतं, येत असलेली कामंही जमेनाशी होतात. ‘हे अपंगत्वामुळेच’ म्हणून सोडून देऊ नका. एकांतात, सवडीनं, चित्रांच्या किंवा खुणांच्या मदतीनं विचारा. ज्याच्यावर संशय आहे, त्यालाच दुभाषा करू नका.

गैरसमज : तक्रार केली की घरही जाईल आणि वकिलाचा खर्चही अंगावर येईल.
वस्तुस्थिती : कलम 7नुसार छळ होतोय किंवा होण्याची शक्यता आहे असं सकारण वाटणारी कोणतीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकते. तालुक्यात तहसीलदारांकडे हे अधिकार असतात. म्हणजे शेजारी, शिक्षक, आशाताई, कुणीही पुढे येऊ शकतं. छळ थांबवण्याचे आणि निर्वाहाची सोय करण्याचे आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. संरक्षणासाठी दुसरीकडे ठेवायचं, तर त्या व्यक्तीची तशी इच्छा असावी लागते. दिव्यांगांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100वर फोन करा. दिव्यांग स्त्रियांना 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचाही आधार आहे. त्यात भावनिक आणि आर्थिक छळ स्पष्टपणे येतो. महिलांसाठी 181, जिवाला धोका असेल तर 112 आणि मनावरचा ताण बोलण्यासाठी टेलि-मानसचा 14416 हे क्रमांक जवळ ठेवा.

आज एवढं तरी करा : काय घडलं ते तारखेसह लिहून किंवा आवाजात नोंदवून ठेवा, कागदपत्रांचे फोटो विश्वासातल्या एका माणसाकडे पाठवा आणि त्याला सगळं सांगा. आणि तुम्ही तो विश्वासातला माणूस असाल, तर ‘घरचेच आहेत, सांभाळून घे’ असं म्हणू नका. ‘तुला काय हवंय?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.