कॅटलॉग देखणा आहे, पण ऑर्डर आणतो का?



छापील कॅटलॉग करायला घेतला की सगळे आधी कव्हरचा विचार करतात. त्याच्याही आधी एक प्रश्न विचारा: गिऱ्हाईक हा हातात घेऊन नक्की काय करणार?

समजा, तुमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईकाला चार गोष्टी हव्या असतात: किती लिटरचं, वजन किती, आतून कल्हई आहे का आणि ऑर्डर देताना कोड कोणता सांगायचा. या चारही गोष्टी प्रत्येक फोटोखाली एकाच क्रमाने द्या. हंडा 2 लिटरचा की 10 लिटरचा हे फोटोवरून कळत नाही, म्हणून शेजारी ओळखीचा पेला ठेवूनच फोटो काढा.

दर मात्र आत छापू नका. धातूचे भाव हलले की 1000 प्रती रद्दीत जातील. कोडप्रमाणे दरपत्रक वेगळ्या कागदावर, तारीख घालून द्या.

आता देखणेपणा. काळ्या पानावर पितळ उठून दिसतं, हे खरं. पण त्यावर बारीक पांढरी अक्षरं नकोत. छपाईत रंग जरासा सरकला तरी मात्रा-वेलांट्या बुजतात. मग काय करायचं? काळं पान फक्त मोठ्या फोटोला ठेवा. माहिती पांढऱ्यावर, काळ्या शाईत. दोन्ही साधतं!

प्रेसमध्ये जाण्याआधी एवढं बघा:

- सेंटर पिन बाइंडिंग असेल तर पानं 4 च्या पटीत: 8, 12, 16.
- फोटो छापायच्या मापात 300 डीपीआय. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो चालत नाही.
- कटिंगसाठी चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड.
- स्क्रीनवरची झळाळी कागदावर तशीच येत नाही. रंगीत प्रूफ बघूनच होकार द्या.
- ऑर्डर फॉर्म मॅपलिथो कागदावर. चकचकीत कागदावर पेन नीट उठत नाही.

आजचा गृहपाठ: A4 कागद मधोमध दुमडून A5 ची डमी बनवा. धंद्यातलं काही माहीत नसलेल्या माणसाला ती द्या आणि म्हणा, ‘5 लिटरचा हंडा शोध, कोड सांग.’ त्याने तुम्हाला काही विचारलं, तर मांडणी बदला. कागदाचे दोन-चार तुकडे वाया गेले तरी चालतील, छापलेला गठ्ठा नको!