जीपीएसला बाहेरचा अँटेना लावायचा? आधी आभाळ बघा, मग पाकीट उघडा



शेताचं क्षेत्र मोजून देण्याच्या कामाला सध्या चांगली मागणी आहे. ट्रॅक्टरची नांगरट असो, हार्वेस्टरने काढणी असो, ड्रोनची फवारणी असो, हिशेब एकरावर होतो. त्यामुळे हातातलं जीपीएस यंत्र घेऊन हा धंदा सुरू करायचा विचार बरेच जण करतात. आणि मग पहिला प्रश्न येतो: "सर, रेंज नीट येत नाही. बाहेरचा अँटेना घेऊ का?"

उत्तर एका ओळीत सांगतो. अँटेना तुम्हाला आभाळ मिळवून देतो, अचूकता नाही. हा फरक समजला तर पैसे वाचतील.

यंत्राला नेमकं काय लागतं?

जीपीएसचे सॅटेलाइट साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. जागा ठरवायला एका वेळी किमान ४ दिसावे लागतात. सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की पत्र्याचं छत, सिमेंटचा स्लॅब, ओली दाट पानं, इतकंच काय, तुमचं स्वतःचं शरीरसुद्धा त्याला अडवतं. यंत्र छातीशी धरून चाललात तर पाठीमागचं बरंचसं आभाळ तुम्हीच झाकलेलं असतं.

उघड्या माळावर चांगलं हँडहेल्ड यंत्र साधारण ३ ते ५ मीटरच्या आत जागा दाखवतं. तिथे अँटेना लावून ती १ मीटर होणार नाही. कारण उरलेली चूक मुख्यतः वातावरणातून येते, रेंजमधून नाही.

मग फायदा कुठे?

• उंच वाढलेल्या उसात. यंत्र पाचटाच्या आत, आणि अँटेना काठीवर शेंड्यांच्या वर.
• आंबा, काजूच्या दाट बागेत. इथे सुधारणा होते, पण झाडं काठीपेक्षा उंच असतील तर थोडीच.
• जीप किंवा ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये. अँटेना टपावर चुंबकाने चिकटवायचा, यंत्र आत ठेवायचं.

घराच्या आत, गोदामात किंवा खोल घळीत मात्र फारशी आशा ठेवू नका. अँटेनातला अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल वाढवतो, तसा गोंगाटही वाढवतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

चुकीची किंमत किती पडते?

आता कागद-पेन घ्या. समजा चौकोनी शेताची कड चारही बाजूंनी २ मीटर बाहेर नोंदली गेली.

• १ गुंठा: क्षेत्र जवळपास दुप्पट दिसेल.
• १ एकर: सुमारे ५ गुंठे जास्त, म्हणजे १३ टक्के.
• १० एकर: सुमारे १६ गुंठे जास्त, म्हणजे ४ टक्के.

एकरी दर १,५०० रुपये धरला तर १ एकराच्या शेतकऱ्याकडून तुमच्या आकड्यामुळे १८५ रुपयांच्या वर जास्त घेतले जातील. उलटं झालं तर तेवढेच ट्रॅक्टरवाल्याचे जातील. दोघांपैकी एक जण पुन्हा तुम्हाला बोलावणार नाही, आणि गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही.

मोकळ्या शेतात मात्र चित्र इतकं वाईट नसतं. तुम्ही दहा मिनिटांत बांधावरून फेरी पूर्ण केली तर सगळे बिंदू बहुधा एकाच दिशेला सरकतात, म्हणून आकार फारसा बिघडत नाही. आभाळ झाकलेलं असलं की प्रत्येक बिंदू वेगळीकडे उडी मारतो. ही उडी कमी करायला अँटेना कामाला येतो.

खरेदीपूर्वी हे तपासा

१. यंत्राला जागा आहे का? गार्मिनच्या जीपीएसमॅप ६०, ६२, ६४ मालिकेत एमसीएक्स सॉकेट मिळतं. मोबाइलला असं सॉकेट नसतं. त्याला ब्लूटूथने जोडायचा वेगळा रिसीव्हर घ्यावा लागतो.

२. व्होल्टेज जुळतं का? अ‍ॅक्टिव्ह अँटेनाला वायरमधूनच यंत्राची वीज जाते. पाकिटावर ३ ते ५ व्होल्ट लिहिलेलं बघून घ्या. बॅटरी थोडी लवकर उतरेल, जादा सेल सोबत ठेवा.

३. वायर गरजेपुरतीच घ्या. बारीक वायरीत मीटरमागे साधारण १ डेसिबल सिग्नल गळतो. काठीसाठी २-३ मीटर पुरते.

४. चपट्या अँटेनाखाली तळहाताएवढा लोखंडी पत्रा ठेवा. रिसेप्शन सुधारतं आणि चुंबकही धरून राहतो.

५. यंत्र जी जागा नोंदवतं ती अँटेनाची, यंत्राची नव्हे. म्हणून काठी बांधावर सरळ उभी धरा.

सॉकेट नसलेल्या यंत्रासाठी सिग्नल पुन्हा हवेत सोडणारे रिपीटर विकले जातात. त्या वाटेला जाऊ नका. आसपासच्या रिसीव्हरना त्यांचा त्रास होतो आणि परवान्याचा प्रश्न येतो.

आधी फुकटचे उपाय

यंत्र डोक्याच्या वर धरून बघा. बाहेर शेंडी आलेलं यंत्र उभं धरा, चपट्या अँटेनाचं आडवं धरा. सुरू केल्यावर ५ मिनिटं मोकळ्यात थांबा. मग गावातलं शाळेचं मैदान टेपने मोजा आणि त्याच मैदानाला यंत्राने तीन फेऱ्या मारा. तीन आकडे एकमेकांशी आणि टेपशी किती जुळतात, ते वहीत लिहा. हाच प्रयोग उसात करा. मैदानात जुळतं आणि उसात बिघडतं, तर अँटेना घ्या. मैदानातही बिघडतं, तर अँटेनाने काम होणार नाही. यंत्र किंवा मोजायची पद्धत बदला.

कोणतं काम घ्यायचं नाही?

बांधाच्या वादाचं काम कितीही पैसे दिले तरी घेऊ नका. हद्दीच्या कायदेशीर मोजणीसाठी भूमी अभिलेख विभागाकडेच जावं लागतं. चार बोटांच्या बांधावरून भाऊबंदकी पेटते, आणि तुमच्या यंत्राची चूक त्या बांधापेक्षा मोठी आहे. पावतीवर स्पष्ट छापा: "अंदाजे क्षेत्र, फक्त कामाच्या हिशेबासाठी." गुंठ्या-दोन गुंठ्याचे तुकडे आले तर सरळ टेप काढा. ग्राहकाला ते पटतं आणि तुमच्याबद्दलचा विश्वासही वाढतो.

तर या आठवड्याचा गृहपाठ: खरेदी काहीच करायची नाही. मैदानाच्या तीन फेऱ्या, उसातल्या तीन फेऱ्या, आणि सहा आकडे वहीत. पैसे कुठे घालायचे ते ती वहीच तुम्हाला सांगेल.