खुर्चीत की खुर्चीवर? इंग्रजीतलं 'बसणं' शिकवताना



गेल्या वर्षी चौथीच्या चाचणीत एक चित्र दिलं होतं. आजोबा हातांच्या मोठ्या खुर्चीत बसून पेपर वाचतायत. एका मुलीने लिहिलं, 'ग्रँडफादर इज सिटिंग इन द आर्मचेअर.' मी 'इन'वर लाल रेघ मारली, 'ऑन' लिहिलं आणि अर्धा गुण कापला. बसणं म्हणजे 'ऑन', हे मलाही शाळेत असंच पाठ करून घेतलेलं. ती हळूच म्हणाली, "सर, गोष्टीच्या पुस्तकात तसंच होतं." पुस्तक उघडून बघितलं तर बरोबर, तसंच होतं. अर्धा गुण दिला, वर्गासमोर चूकही कबूल केली. पण पुढचे कितीतरी दिवस ती इंग्रजीच्या तासाला हात वर करेना. म्हणून म्हटलं, हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

गंमत म्हणजे हा फरक मराठीतही आहे. आपण 'पाटावर बसा' म्हणतो, 'पाटात बसा' कुणी म्हणत नाही. पण 'आरामखुर्चीत' सहज म्हणतो. का? पाट सपाट असतो, आरामखुर्ची माणसाला पोटात घेते. इंग्रजी माणूसही असाच विचार करतो. स्टूल, बाक, जमीन, सतरंजी यांच्यासाठी 'ऑन'. दोन्ही बाजूंना हात असलेली, आत रुतून बसायची आर्मचेअर असेल तर 'इन'. साध्या खुर्चीला दोन्ही चालतं, त्यामुळे तिथे गुण कापू नयेत. सोफ्याला मात्र हात असूनही बहुधा 'ऑन'च म्हणतात. झोपाळा 'ऑन', झोळी 'इन', अगदी आपल्यासारखंच.

झाडापाशी मात्र वाटा वेगळ्या होतात. आपला कावळा झाडावर बसतो, त्यांचा 'इन द ट्री' बसतो, कारण तो फांद्या-पानांच्या आत असतो. फांदीचं नाव घेतलं की परत 'ऑन द ब्रँच'. गवताचंही तसंच. कापलेल्या हिरवळीवर 'ऑन द ग्रास', उंच वाढलेल्या गवतात 'इन द ग्रास'.

आता मुलं सगळ्यात जास्त जिथे अडकतात ती जागा, टेबल. आपण बोलताना 'टेबलावर जेवायला बसलो' म्हणतो आणि मूल सरळ 'वी सॅट ऑन द टेबल' लिहितं. याचा अर्थ होतो, टेबलावर चढून बसलो! इथे 'ॲट द टेबल' हवं. हे 'ॲट' समजावताना माझी बरीच दमछाक व्हायची. मग लक्षात आलं की मराठीत त्याचा भाऊ आहेच, 'शी'. आजी चुलीशी बसली, म्हातारबाबा दाराशी बसले. चुलीवर नाही, चुलीत तर नाहीच नाही! त्या वस्तूशी आपलं काम आहे म्हणून तिच्याजवळ बसलो, की 'ॲट'. 'ॲट द डेस्क', 'ॲट द कॉम्प्युटर'. नुसतं शेजारी बसलो, जसं खिडकीजवळ, तर 'बाय द विंडो'.

वाहनांचा नियम ऐकायला विचित्र आहे, पण मुलांना आवडतो. ज्यात उभं राहून चालता येतं ते 'ऑन': बस, रेल्वे, विमान, जहाज. ज्यात वाकून शिरून बसावंच लागतं ते 'इन': कार, टॅक्सी, आपली रिक्षा. सायकल, मोटारसायकल, घोडा यांच्यावर टांग टाकून बसायचं, तिथे अर्थातच 'ऑन'. 'इन द बस' अगदीच चूक नाही, पण कानाला सवय 'ऑन द बस'ची आहे. आणि आपण 'नाशिकच्या गाडीत बसलो' म्हणतो तेव्हा आपल्याला खरं तर गाडी पकडली असं म्हणायचं असतं. तिथे 'सॅट' नको, बससाठी 'गॉट ऑन', कारसाठी 'गॉट इन'.

आपलं 'बसणं' तसं फारच कष्टाळू क्रियापद आहे. घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो. यातलं काहीच 'सिट' नाही. उकिडवं बसण्याला इंग्रजीत 'स्क्वॉट' हा वेगळा शब्द आहे, मांडी घालून बसणं म्हणजे 'सिट क्रॉस-लेग्ड'. अंथरुणात उठून बसणं 'सिट अप', ताठ बसणंही 'सिट अप'च.

पालकांसाठी एक. घरी पाहुणे आले की आपण 'बसा' म्हणतो, त्या 'सा'मध्ये मान आलाच. इंग्रजीत 'बस' आणि 'बसा' असा फरक नाही, त्यामुळे नुसतं 'सिट डाउन' पाहुण्याला हुकमासारखं वाटू शकतं. मुलांना 'प्लीज हॅव अ सीट' म्हणायला शिकवा.

वर्गात मी आता फळ्यावर नियम लिहीत नाही. एक टेबल, एक बाक, एक सतरंजी आणि एक मोठं रिकामं खोकं ठेवतो. मी वाक्य बोलायचं, मुलांनी तसं बसून दाखवायचं. 'सिट इन द बॉक्स'ला रांग लागते. परवा 'सिट ॲट द टेबल' म्हटलं तर एक जण टेबलावर चढून बसला. मी काही बोलायच्या आत तीच मुलगी ओरडली, "अरे उतर, चुलीशी म्हणजे चुलीवर नाही!"